बारावी क्रेन

मी एक जुना फोटो आहे, मित्रांनो. काळ्या लाकडाच्या चौकटीतला, उजव्या कोपऱ्यात जरा पिवळा पडलेला. माझ्यात एक अख्खं शहर आहे आणि त्या शहरावर उतरणारं वादळ आहे. मला पाहून आजवर कोणी ‘बरा आहे’ म्हटलेलं नाही. लोक आधी गप्प होतात, मग म्हणतात, “बाप रे!” बढाई मारत नाही, आहे ते सांगतो.

त्या दिवशी दुपारी चारलाच अंधारून आलं. फोटोवाल्या बाई दुकान उघडं टाकून गच्चीवर धावल्या. समोर ढगांची भिंत उभी होती, जमिनीपासून थेट मान दुखेपर्यंत वर. तिच्या पोटात विजा नुसत्या जळत होत्या. ज्या इमारतींकडे बघताना माणसांच्या टोप्या पडायच्या, त्या आता काड्यापेट्यांएवढ्या दिसत होत्या. वाऱ्यानं बाईंचा पदर फडफडत होता. “अगं बाई, हे काय आहे!” म्हणत त्यांनी बटण दाबलं आणि माझा जन्म झाला. मग लाल दिव्याच्या खोलीत, औषधाच्या ताटात मी कागदावर उमटलो. आधी ढग आले, मग इमारती, आणि सगळ्यांत शेवटी बांधकामांवरच्या बारीक बारीक क्रेन. बारा होत्या.

बाईंनी मला चौकटीत बसवून दुकानाच्या काचेत ठेवलं. येणारे-जाणारे थबकायचे. तिसऱ्या दिवशी क्रेनवाले काका आले. माझ्यातली एक क्रेन तेच चालवत. वादळात सगळ्यांत शेवटी खाली उतरलेला माणूस म्हणून साहेबांनी त्यांची पाठ थोपटली होती. पण काकांनी आभाळाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांनी काचेला नाक लावून खालच्या क्रेन पाहिल्या आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

“किती काढलेत असे?”

“एकच. असा पुन्हा साधायचा नाही.”

“द्या बांधून.”

मला वाटलं, काय कदर आहे माणसाला! अहो कसली कदर? घरी नेऊन त्यांनी मला कपाटामागं सारलं. पुढं काकूंनी साफसफाईत मला शोधून काढलं. “एवढा देखणा फोटो आणि कपाटामागं? तुमची ना, कमालच आहे!” असं म्हणून त्यांनी मला बैठकीच्या खोलीत टांगलं, अगदी काकांच्या खुर्चीसमोर. दुसऱ्या दिवशी काकांनी खुर्ची फिरवली. वीस वर्षं ते माझ्याकडे पाठ करून चहा प्यायले. पाहुणे आले की काकू मोठ्या कौतुकानं सांगायच्या, “या वादळातून यांनी क्रेन वाचवली बरं का!” आणि काकांना नेमकं तेव्हाच आत काहीतरी काम निघायचं. माझ्या काचेवर धूळ साचली, कडेचा कागद कसरीनं खाल्ला. त्याचं वाईट वाटायचं, पण त्या पाठीचं जास्त वाटायचं.

त्यांची मुलगी ठमी. वादळ झालं तेव्हा ती पाळण्यात होती. मोठी झाली आणि बापाच्या वळणावर जाऊन क्रेन चालवायला शिकली. कामाच्या पहिल्या दिवशी तिनं मला खिळ्यावरून उतरवलं.

“हा आमच्या साइटच्या ऑफिसात लावणार! कळू दे सगळ्यांना, माझा बाप कोण आहे ते!”

काका उठून उभे राहिले. आता बोलले नाहीत, तर पोरगी एक खोटी गोष्ट घेऊन वर चढणार होती. मी श्वास रोखला, म्हणजे फोटोला जेवढा रोखता येतो तेवढा.

“ठमे, त्यातल्या क्रेन बघ. हात कुठं वळलेत?”

तिनं काचेवरून बोट फिरवलं. “सगळे एकीकडे. वाऱ्यानं वळलेत. उतरताना ब्रेक सोडूनच ठेवतात ना, म्हणजे हात मोकळा फिरतो.” बोट थांबलं. “ही एकच आडवी का?”

“ती माझी.”

काकू चहाचा ट्रे घेऊन दारातच उभ्या राहिल्या.

“घाबरलो होतो गं,” काका म्हणाले. “नियम पाठ होता. पण भ्यालेला माणूस हाताला येईल ते घट्ट आवळतो. मी ब्रेक आवळून खाली आलो. सगळा वारा तिनं आडव्या अंगावर घेतला. पडली असती तर खालच्या घरांवर पडली असती. सकाळी गुपचूप ब्रेक सोडला आणि शाबासकी घेतली.”

“आणि मी वीस वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत बसले!” काकू मटकन खाली बसल्या.

ठमीला रडू आलं होतं. तिनं बाहीनं माझी काच पुसली. “फोटो मी नेणारच. पण आता हीच गोष्ट सांगेन. चालेल?”

“माझं नाव घालून सांग,” काका म्हणाले.

आता मी साइटच्या ऑफिसात आहे, खिडकीसमोर. मागच्या आठवड्यात दुपारीच पुन्हा ढग भरून आले. वारा अजून यायचा होता, पण सगळ्यांना खाली बोलावलं गेलं. ठमी धापा टाकत आत आली. तिची नजर माझ्यावर पडली आणि ती तशीच मागं फिरली, पुन्हा शिडी चढून गेली. थोड्या वेळानं ती परत आली. तिनं घरी फोन लावला.

“बाबा, मीपण आवळूनच आले होते. आत्ता सोडून आले.”

पलीकडून काका काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. ठमी डोळे पुसत हसत होती.

मग वारा आला. मित्रांनो, माझ्या पोटात वीस वर्षं वादळ आहे, पण ते थिजलेलं. हलणारं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. काळ्याभोर आभाळाखाली क्रेनचा तो केवढा थोरला हात, कोणी न हलवता, सावकाश वाऱ्याबरोबर फिरला आणि शांत उभा राहिला.

तेव्हा मित्रांनो, माझी काच अधूनमधून पुसा, उन्हात टांगू नका, एवढं तर सांगतोच. आणि हातून काही चुकलं असेल तर घरातल्या पोरांना ते सांगून टाका. त्यांनाही कधीतरी वर चढायचं असतं.