एक की दोन

मायेलला गर्भाशय नव्हतं. तिचं आणि तिच्या नवऱ्याचं, यानचं मूल कॅनडातल्या यॉर्कटनची लारिसा पोटात वाढवणार होती, अर्थात तिने हो म्हटलं तर. कॅनडात या कामाचा मोबदला घेत नाहीत. बाळ कुणासाठी वाढवायचं, हे ती बाईच ठरवते. आधीच्या एका जोडप्याला लारिसाने असंच घरी बोलावून, पोटभर जेवू घालून नकार दिला होता. त्यामुळे फ्रान्सहून निघतानाच मायेल आणि यानने ठरवलं होतं, तिला कशातही अडवायचं नाही.

लारिसाचा नवरा ओरेस्ट पेरोगी, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या करंज्या, तव्यावर परतत होता.

"मी हिवाळ्यात कर्लिंग खेळते," लारिसा म्हणाली. "बर्फावर जड दगड सरकवायचा खेळ. गरोदर असले तरी खेळणार. चालेल?"

"तुम्हाला बरं वाटेल तसं," मायेल म्हणाली.

"बाळाला पुढे माझ्याबद्दल सांगाल?"

"तुमची इच्छा असेल तर," यान म्हणाला.

लारिसाने काटा खाली ठेवला. "ओरेस्ट, हे मला मागणी घालायला आलेत का रे? सगळ्याला आपलं हो."

"लग्नाआधी मीही असाच होतो," ओरेस्ट तव्याकडे बघत म्हणाला.

सगळे हसले. लारिसाच्या कपाळावरची आठी मात्र तशीच राहिली.

"बरं, गर्भ एक ठेवायचा की दोन? माझ्या बहिणीची जुळी मजेत आहेत. तुमचीही पुढची खेप वाचेल."

"तुम्ही म्हणाल..." यानने सुरुवात केली. मायेलने त्याच्या हातावर हात ठेवला.

"नाही. एकच," ती म्हणाली. "जुळ्यांत तुमचा रक्तदाब वाढू शकतो, वेळेआधी कळा येऊ शकतात. तुम्हाला तुमची मुलं आहेत. एक रुजला नाही तर आम्ही पुन्हा येऊ."

संपलं, तिला वाटलं. बाईच्या घरात बसून तिलाच नाही म्हटलं.

लारिसाने खुर्ची पुढे ओढली. "मला दोन चालले असते. पण अडचणीच्या वेळी डॉक्टर विचारणार आणि तुम्ही 'तुमची इच्छा' म्हणणार, तर मी एकटीच पडेन ना. आधीचे दोघेही तसेच होते. मला भांडणारी माणसं हवीत. आता कर्लिंगचं बोला."

"बर्फावर पडलात तर?"

"पाचव्या महिन्यापर्यंत खेळेन."

"तिसऱ्या."

"चौथ्या, आणि पुढे नुसती बघायला जाईन."

"चालेल," मायेल म्हणाली. "आणि बाळाला तुमच्याबद्दल सांगणार. तुम्ही नको म्हटलंत तरी."

ओरेस्टने तिच्या ताटात न विचारता आणखी पेरोगी वाढल्या.