गुहेत उतरायचा दोर

मांजरी गावातल्या सोजरबाईंच्या ओट्यावर नातीनं, तनुजानं, हेल्मेट, दिवे, दोर असा सगळा पसारा मांडला होता. उद्या सकाळी ती मित्रमंडळींबरोबर डोंगरातल्या एका खोल गुहेत उतरणार होती.

“गाडीवर हेल्मेट घाल म्हटलं की केस बिघडत्यात, आणि गुहेत बरं चालतंय!” सोजरबाई म्हणाल्या.

“आजी, आत वरून दगड पडतात.”

“आणि एका डोक्याला तीन दिवे? वरात हाय का कुणाची?”

“एक विझला तर दुसरा, तोही गेला तर तिसरा. आत स्वतःचा हात दिसत नाही.”

सोजरबाईंना हसू येत होतं. घरात रोज चष्मा हरवणारी ही पोरगी इथं एकेक बकल तीनतीनदा ओढून बघत होती. मग तिनं निळा दोर मांडीवर घेतला आणि चिमटीत धरून वीत वीत चाचपायला लागली.

“म्हशीलासुदिक इतकं कुणी कुरवाळत न्हाय गं.”

“ऐंशी फूट लटकायचंय मला याच्यावर. आणि नुसतं बघून भागत नाही. बॅटरीचं अ‍ॅसिड लागलं तर दोर आतून सडतो, वरून कळतही नाही. कुणी हात नाही ना लावला?”

सोजरबाईंचं हसू तिथंच विरलं. सोमवारी ट्रॅक्टरची जुनी बॅटरी त्यांनी शेजारच्या सर्जेरावाच्या स्कूटरला याच दोरानं बांधून हडपसरला धाडली होती. सुतळी कच्ची वाटली, हा दोर दणकट दिसला. परत आल्यावर धुऊन, वाळवून, होता तसा गुंडाळूनही ठेवला. सांडलं असेल थेंबभर, नसेलही. चाळीस वर्षं घरातल्या सगळ्यांच्या चुका काढल्या, आता या वयात स्वतःची कुठं सांगत बसायची?

तनुजा दोर पिशवीत भरायला लागली.

“ठेव त्यो खाली.”

“का?”

“बॅटरी बांधली हुती त्यानं. मी.”

तनुजानं दोर पिशवीतून बाहेर काढला. “आजी, तू चुकलीस?”

“दात काढू नगंस. कोयता आण, तुकडं करू. न्हायतर दुसरंच कुणी लटकंल त्याला.”

तुकडे झाले. तनुजानं गटप्रमुख अनिरुद्धला फोन लावला. तो दुसरा दोर आणणार होता, पण या दोराचं काय झालं ते त्याला दोरांच्या नोंदवहीत लिहायचं होतं. तनुजानं गुपचूप फोन आजीच्या कानाला लावला.

“मी सोजरबाई. दोर मी नासवला. लिवलं का? नसंल तर आत्ताच लिव, मी दुसऱ्यांदा सांगायची न्हाय.”