फळीवरचं सातवं नाव

फळीवर सहा नावं पिवळ्या रंगात चढली होती. सातव्यासाठी दुपारपासून वाद चालला होता. मंडळाला पंचवीस वर्षं झाली म्हणून पाचपावलीच्या मैदानाशेजारच्या खोलीत जुन्या कबड्डीपटूंच्या नावांची फळी लागायची होती. एका जागेसाठी दोघं उरले होते, बळीराम आणि अरुंधतीचे वडील जागेश्वर.

दोघंही रिवाजाप्रमाणे सगळ्यांकडे पाठ करून दारात बसले होते. ज्याचं नाव निघालं त्यानं मत देणाऱ्यांची तोंडं पाहायची नाहीत. अरुंधती बी.ए. झालेली, म्हणून ठराव लिहायला तिला बोलावलं होतं. मांडीवर वही, पायाशी दहा महिन्यांचा मुलगा, आणि जीव सगळा कोपऱ्यात पेटलेल्या चहाच्या स्टोव्हकडे.

"जागेश्वरसारखी चढाई कोणी केली गा?" लहानू म्हणाला.

"अन् अडुसष्टची हारलेली फायनल?" अध्यक्ष नत्थूजी उसळले. "तीन गडी मारून आला, पंचानं गुण देल्ले. अन् यानंच हात वर केला! म्हणे, रेषेच्या आधीच माझा दम सुटला. कोणाले ऐकू गेलं होतं?"

"त्याले गेलं ना."

"मंग देवळात बसवा त्याले. फळीवर काहून?"

सगळे हसले. जागेश्वरची पाठ हलली नाही. वर्षभरात ती पाठ किती वाळली होती! डॉक्टरांनी फुप्फुसाचं काय सांगितलं, ते अरुंधतीनं घरात पुरतं बोलून दाखवलं नव्हतं. पुढची नावं पाच वर्षांनी चढणार होती. बाबांकडे पाच वर्षं नव्हती.

"मत देणारे अकरा जण आहोत. जागेश्वरसाठी हात वर करा," नत्थूजी म्हणाले.

हात वर होऊ लागले, तेवढ्यात त्यांच्यातल्या म्हाताऱ्या बाबनरावांनी तिच्याकडे पाहून घाईघाईनं हात उंचावला. तिनं वळून पाहिलं. मुलगा रांगत स्टोव्हपाशी पोचला होता. झेप घेऊन तिनं त्याला उचललं.

"सहा!" नत्थूजी म्हणाले. "झालं. लिही वं पोरी, जागेश्वर."

अरुंधतीनं पोराला मांडीत घट्ट धरून वही पुन्हा ओढली. सहावा हात बाबनरावांचा. त्यांना कानानं कमी ऐकू येतं. सकाळीच घरी येऊन ते सांगून गेले होते, "वाईट नको मानू बेटा, माहं मत बळीरामले." आताही ते पोराकडेच बघत होते. कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. बाबांची तर पाठ होती.

तिनं 'जा' लिहिलं. पेन तिथंच थांबलं.

"काका," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "बाबनरावांचा हात मताचा नव्हता. बाळ स्टोव्हजवळ गेलं, म्हणून त्यांनी मला खुणावलं. पुन्हा विचारा त्यांना."

लहानूनं कपाळावर हात मारला. नत्थूजींनी बाबनरावांच्या कानाशी ओरडून विचारलं. म्हातारा खाली मान घालून म्हणाला, "बळीराम."

पाच आणि सहा.

जागेश्वर हळूहळू उठले. दोनदा थांबून श्वास घेतला. मैदानाची चिमूटभर माती उचलून, चढाईआधी लावतात तशी, बळीरामच्या कपाळाला लावली. मग ते लेकीजवळ आले. त्यांच्या डोळ्यांकडे पाहायचं तिला धाडस होईना.

"पोराले स्टोव्हजवळ कशाले सोडलं वं?" ते रागावून म्हणाले, आणि अंगठ्याला उरलेली माती त्यांनी तिच्या कपाळाला लावली.

तिनं 'जा' खोडलं आणि बळीरामचं नाव पूर्ण लिहिलं.