पान एकशे बारा

दुकानाचं दार ढकललं की पहिल्यांदा दिसायचं ते गोल टेबल. त्याला सगळे आवडीचं टेबल म्हणत. दुकानातल्या प्रत्येक विक्रेत्याने हल्लीच वाचलेलं, मनापासून आवडलेलं एक पुस्तक तिथे मांडायचं आणि शेजारी स्वतःच्या अक्षरात चार ओळींचं कार्ड लावायचं, ही मालकीणबाईंनी घातलेली पद्धत. महिनाअखेरच्या शनिवारी उरलेल्या प्रती खोक्यात भरून प्रकाशकाकडे परत जायच्या.

या महिन्याच्या सुरुवातीलाच मालकीणबाईंनी दुकानातल्या जुन्या विक्रेत्या ताईला बाजूला घेतलं होतं.

"ताई, तुमची मागची चार पुस्तकं जशी आली तशी परत गेली. या वेळी निदान पाच प्रती तरी जाऊ द्या. नाहीतर तुमच्या जागेवर चित्रांचे पेले ठेवते. त्यांची लोक निदान चौकशी तरी करतात."

ताईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. बारा वर्षांत तिने न वाचलेलं एकही पुस्तक कुणाच्या गळ्यात मारलं नव्हतं, आणि आता गाठ कुणाशी, तर पेल्यांशी.

तिने मांडलेली कादंबरी हवामान केंद्रावर काम करणाऱ्या एका बाईची होती. तीस वर्षं ही बाई रोज सकाळ-संध्याकाळ जिना चढते, तापमान बघते, वहीत लिहिते, खाली येऊन चहा करते. अधूनमधून बहिणीचं पत्र येतं. असं एकशे अकरा पानं. एकशे बाराव्या पानावर ती वहीत चुकीचा आकडा लिहिते आणि खोडत नाही. ताईने ते पान वाचलं तेव्हा गॅसवरचं दूध उतू जाऊन शेगडी विझली होती आणि तिला पत्ताच नव्हता.

कार्डावर तिने लिहिलं: 'पहिल्या एकशे अकरा पानांत काही घडत नाही. पान एकशे बारावर जे घडतं, त्यासाठी ती वाचावीत. छपाई बारीक आहे.'

शेजारच्या काउंटरवरच्या विक्रेत्याने ते मोठ्याने वाचलं. त्याला सगळे वाहवा म्हणत, कारण त्याला न आवडलेलं पुस्तक अजून छापलं गेलेलं नव्हतं. ताईला तो तराजू म्हणे, कारण ती प्रत्येक पुस्तक गुणदोषांसकट तोलून सांगे.

"छपाई बारीक आहे? तराजू, तू पुस्तक विकतेयस की औषध?"

"बारीक आहे. घरी नेल्यावर कळण्यापेक्षा इथे कळलेलं बरं."

"माझं कार्ड बघ. 'हातातून सुटत नाही.' संपला विषय."

"तू तिसाव्या पानापर्यंत तरी गेलास का?"

"गेलो ना. तिथे सुटलं हातातून, पण तेव्हा मला झोप लागली होती. त्यात पुस्तकाचा काय दोष?"

वाहवाचा ढीग दर दोन दिवसांनी नव्याने रचावा लागे. ताईच्या पुस्तकाशीही लोक थांबत, ही त्यातली सगळ्यात चमत्कारिक गोष्ट. कार्ड वाचत, हसत, पुस्तक उचलत, मिनिटभर त्यात डोकं खुपसत आणि ठेवून देत. तीन आठवडे झाले तरी दहाच्या दहा प्रती जागच्या जागी होत्या.

शेवटच्या गुरुवारी धूळ पुसायला म्हणून तिने वरची प्रत उचलली आणि ती आपोआप उघडली. पान एकशे बारा. दुसरी उचलली. पान एकशे बारा. ताईने फडकं खाली ठेवलं. मग एकेक प्रत टेबलावर कण्यावर उभी धरून तिने हात सोडून बघितला. दहाही प्रती त्याच पानावर उघडल्या. याला योगायोग म्हणणं तिच्या शिक्षणात बसत नव्हतं.

लोक तिचं कार्ड वाचत होते, त्यावर विश्वास ठेवत होते, थेट ते पान काढून उभ्या उभ्या वाचत होते आणि मोकळे होत होते.

तेवढ्यात निवृत्त पोस्टमास्तर आले. दुकानात ते रोज यायचे आणि वर्षाकाठी एखादं पुस्तक न्यायचे. त्यांनी सवयीने प्रत उचलली. ती उघडलीच. वाचून त्यांनी चष्मा काढला.

"ताई, हे पान मी चौथ्यांदा वाचलं. बाई एक आकडा लिहिते. यात घडलं काय?"

"ते कळायला आधीची पानं वाचावी लागतील."

"तिथे काही घडत नाही, असं तुम्हीच लिहिलंय."

"लिहिलंय. पण तरी वाचावी लागतील."

"मग तुम्हीच सांगून टाका दोन वाक्यांत. पटलं तर नेतो."

मास्तरांच्या पाठीमागून वाहवा हातवारे करत होता, सांग, सांग. ताईला सांगता आलं असतं. वाक्यं ओठांवर आलीही होती. पण तिने ती मनात एकदा म्हणून पाहिली आणि तिलाच ती एखाद्या कचेरीतल्या तक्रारीसारखी वाटली.

"दोन वाक्यांत नाही सांगता येणार," ती म्हणाली.

"म्हणजे तुम्हालाही कळलेलं दिसत नाही," म्हणत मास्तर निघून गेले.

"चालून आलेलं गिऱ्हाईक हाकललंस," वाहवा म्हणाला. "खून होतो म्हणायचं."

"खून होत नाही."

"ते त्यांना कळेपर्यंत पुस्तक त्यांच्या घरी पोचलं असतं."

घरी गेल्यावर तिने राहायला आलेल्या आईला सगळं सांगितलं. आई चादरीच्या घड्या घालत होती.

"तुझं पहिल्यापासून असंच. मुलगा बघायला आला तेव्हाही आधी स्वतःच्या खोडीच सांगत बसलीस."

"म्हणून तर त्याने होकार दिला."

"त्याच्याआधी तिघे उठून गेले, ते धर की हिशेबात," आई म्हणाली. "ते टोक पकड."

ताईने चादरीचं टोक पकडलं.

शनिवारी सकाळी मालकीणबाई एका हातात रिकामं खोकं आणि दुसऱ्या हातात पेल्यांचा स्टँड घेऊनच आल्या. खोक्यात टाकायला पहिली प्रत उचलली, ती उघडली. दुसरीही उघडली. त्यांनी दहाही प्रती निरखल्या. कणे दुमडलेले, एकशे बाराव्या पानाच्या कडा बोटांनी मळलेल्या.

"हे काय झालंय?"

ताईने काय झालंय ते सांगितलं. काही वगळलं नाही.

मालकीणबाईंनी हातातली प्रत दोनदा दाबून मिटवून पाहिली. मग म्हणाल्या, "हाताळलेली प्रत प्रकाशक परत घेत नाही. एकही खपली नाही आणि एकही परत जात नाही. हे तुम्हालाच जमू शकतं." त्यांनी पेले उचलून खिडकीत ठेवले. "खपेपर्यंत राहू देत इथेच. तुमची जागा राहिली, ताई, पण कशामुळे राहिली ते लक्षात ठेवा. आणि तो पानाचा आकडा आधी काढा."

ताईला हवं होतं ते मिळालं होतं आणि तिला ते भिरकावून द्यावंसं वाटत होतं. तिने नवीन कार्ड घेतलं. तीन फाडली. चौथ्यावर लिहिलं: 'पहिल्या पानापासून वाचावं.' छपाईबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं आणि मग खाली बारीक अक्षरात लिहिलंच.

दुपारी मास्तर आले. नवीन कार्ड त्यांनी दोनदा वाचलं.

"आकडा गेला?"

"गेला."

"मग कुठपर्यंत वाचायचं ते कसं कळणार?"

"शेवटपर्यंत वाचायचं," ताई जरा तोडूनच म्हणाली.

मास्तरांनी विचार केला. मग कपाटाजवळचं स्टूल ओढलं, चष्मा लावला आणि पहिलं पान उघडलं. पुस्तक पुन्हा पुन्हा मध्येच उघडू बघत होतं. ते अंगठ्याने दाबून धरून मास्तर वाचत राहिले.

"घेणार आहेत का?" वाहवाने हळूच विचारलं.

"तसं काही बोलले नाहीत."

"मग बसू कशाला दिलंस?"

ताई भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. वीस मिनिटांत चार पानं. रोज तासभर बसले तर दहाव्या दिवशी पोचतील. तोवर ती प्रत कुणालाही विकण्याच्या लायकीची राहणार नव्हती.

"तराजू, मला तरी सांग ना," वाहवा म्हणाला. "त्या पानावर असं काय आहे?"

"पहिल्या पानापासून वाच," ती म्हणाली आणि त्याचाच ढासळलेला ढीग सरळ करायला वळली.