पडवी नसलेलं स्टेशन

डिम्पना गिलहूलीने त्या माणसाला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो तिच्या मालधक्क्याच्या दारापाशी उकिडवा बसला होता. चाकूने दाराचा रंग खरवडत होता आणि पडलेले पापुद्रे एका छोट्या पिशवीत भरत होता.

आमच्या किल्टीगारव गावाला आगगाडी येणं बंद होऊन साठेक वर्षं झाली असतील. अरुंद रुळांची गाडी होती आमची. कोळसा आणि गुरं न्यायची, जमलं तर माणसंही. ती बंद पडल्यावर डिम्पनाच्या सासऱ्याने स्टेशनची इमारत विकत घेतली. तिकिटाच्या खोलीचं स्वयंपाकघर झालं, फलाटावर कोंबड्या हिंडू लागल्या. नवरा मर्टी गेल्यापासून डिम्पना तिथे एकटीच राहायची.

"चोरायला दुसरं काही सापडलं नाही वाटतं?" ती मागून म्हणाली.

तो दचकून उठला. पन्नाशी उलटलेला, लांबोडका, दोन चष्मे एकदम वापरणारा. एक डोळ्यांवर, एक कपाळावर. "माफ करा बाई. दार वाजवलं होतं मी. लॉर्कन टूही माझं नाव. तुमच्या स्टेशनचं मॉडेल करतोय. हे बघा, हिरव्याच्या खाली पिवळट रंग आहे, रेल्वेच्या काळातला. तो जुळवायचाय."

"मॉडेल? म्हणजे खेळण्यातली आगगाडी?"

"बायको खेळणंच म्हणायची. होती तोवर."

म्हणजे मेली की सोडून गेली, हे डिम्पनाने विचारलं नाही. तेवढ्यात पाऊस आला, आणि पावसात माणसाला अंगणात उभं ठेवणं आमच्याकडे कुणाला जमत नाही. तिने त्याला आत घेतलं, चहा दिला, सोडा ब्रेडवर लोणी लावून दिलं. त्याने खिशातून रुमालात गुंडाळलेली एक छोटी वाघीण, गुरं न्यायचा मालडबा, काढून टेबलावर ठेवली. पितळी पत्र्यातून त्याने स्वतः कापलेली. एवढीशी, पण हातात घेतली तर वजनदार. नखाने ढकलल्यावर तिचं दार खरोखर सरकलं.

डिम्पनाचा विश्वास बसतच आला होता. तेवढ्यात त्याने विचारलं, "तुमच्या मागच्या भिंतीपासून चरापर्यंत जागा किती आहे हो? मोजू का?"

"घराची मागची बाजू कशाला हवी तुम्हाला?"

"रूळ तिथूनच जायचे ना, बाई."

ते खरंच होतं. तरी तिच्या मनात ते टोचलं. मर्टी होता तेव्हा असेच दोन गोड बोलणारे पुरुष याच टेबलाशी बसून गेले होते. नुसतं बघायला आलोय, म्हणाले होते. पुढच्या वर्षी वरच्या कुरणात विजेचे मनोरे उभे राहिले आणि मर्टी मरेपर्यंत त्या कुरणाकडे पाठ करून दूध काढायचा.

पाऊस थांबल्यावर तिने लॉर्कनला मोजू दिलं, पण टेपचं दुसरं टोक स्वतःच्या हातात धरून.

तो गेला आणि शेजारचा पॅकी मॅकगोल्ड्रिक आला. पॅकी आणि डिम्पना एकाच शाळेत शिकलेले. आता गाडीच्या जुन्या वाटेचा पुढचा तुकडा त्याच्या शेतात होता.

"चहा पाजलास त्याला?"

"पाजला. मग?"

"अगं, तुझ्या दारातून निघाला तो थेट माझ्या फाटकाशी उतरला. खडी भरत होता पिशव्यांत! वरून चिठ्ठ्या चिकटवत होता. खेळण्यात खडी घालतात काय?"

"रुळाखाली घालत असतील, कुटून."

"डिम्पना, तू शहाणी बाई आहेस ना? सायकलवाटेची माणसं आहेत ही. जमीन तपासतायत. जुन्या रेल्वेवरून सायकलवाट काढणार, हे मी ख्रिसमसपासून सांगतोय. आधी माती नेतात, मग मोजणी करतात, मग एक दिवस सही कर म्हणतात. आणि उद्या तू भांडी घासत असताना तंग चड्ड्यांतले लोक तुझ्या खिडकीतून आत बघत जातील."

"तुझ्याकडे बघणार नाहीत, एवढं नक्की," डिम्पना म्हणाली. पण हसली नाही.

दुसऱ्याच दिवशी पॅकीने आपल्या फाटकात शेणखताची ट्रॉली आडवी लावली. पबमध्ये तर कुणी म्हणालं की असल्या वाघिणी दुकानात तयार मिळतात, स्वतः केल्या असं कुणीही सांगेल. कुणाला लॉर्कनची मोटार भलतीच स्वच्छ वाटली. लॉर्कन पुढच्या आठवड्यात पुन्हा आला तेव्हा त्याने रस्त्यात विचारलेल्या एकाही माणसाला जुने रूळ पुढे कुठून जायचे ते आठवेना.

डिम्पनाला हे असं अर्धवट ठेववेना. मार्चमधल्या एका दुपारी तिने सफरचंदाचा टार्ट भाजला आणि पॅकीला म्हणाली, "चल. बघूनच येऊ."

"न सांगता?"

"तो आपल्याकडे सांगून आला होता का?"

लॉर्कन राहायचा तो बॉयल गावाच्या अलीकडे. घर लहान, पण मागची शेड घरापेक्षा मोठी. दोघांना दारात पाहून तो गोंधळला. मग टार्ट पाहिला आणि बाजूला झाला.

आत भिंतभर फळ्यांवर इंजिनं होती. या देशात जेवढ्या म्हणून गाड्या धावल्या, त्यांतल्या निम्म्या तरी असाव्यात. पॅकी दारातच टोपी काढून उभा राहिला. मधे लांब टेबलावर किल्टीगारव होतं. पिवळट दारांचा मालधक्का. फलाट. रुळांखाली राखाडी खडी, पॅकीच्या फाटकातली. गुरांच्या जत्रेचा दिवस दाखवला होता. गुरं वाघिणीत चढत होती, आणि एक गाय उलटी वळून अडून बसली होती.

"ही आमचीच," पॅकी हळूच म्हणाला. "आमच्या सगळ्या गाई असंच करायच्या."

लॉर्कनने बटण फिरवलं. छोटं इंजिन वळणावरून आलं, फलाटाशी थांबलं. पॅकी वाकून बघत राहिला. एव्हाना तो पार विरघळला होता.

डिम्पना मात्र आपलं घर बघत होती. धुराडं बरोबर होतं, खिडक्याही बरोबर होत्या. पण स्वयंपाकघरामागची पडवी नव्हती.

"इथे माझी पडवी असते," ती म्हणाली. "कपडे धुण्याची."

"ती नंतरची ना, बाई? रेल्वेच्या काळात नव्हती."

हेही खरं होतं. पडवी मर्टीनेच बांधली, लग्नानंतर. डिम्पनाने मान हलवली. मग तिला दिसलं की घराचा आणि रुळांचा तेवढा भाग वेगळ्या फळीवर होता. कडेला बारीक फट होती.

"हा तुकडा निघतो का?"

लॉर्कनने फटीवरून बोट फिरवलं. "निघतो."

"मग त्याच्या जागी काय बसतं?"

त्याचे कान लाल झाले. पॅकीने सरळ उभं राहून टोपी डोक्यावर घातली. शेवटी लॉर्कनने टेबलाखालून दुसरी फळी काढली. तेच घर, तोच फलाट. रुळांच्या जागी मात्र गुळगुळीत काळी पट्टी, आणि पट्टीवर चार सायकलवाले.

"बघ!" पॅकी ओरडला. "बघ, काय म्हणत होतो मी!"

"ऐका तरी," लॉर्कन म्हणाला. "स्टेशन मी आधीपासूनच करत होतो. डब्लिनच्या प्रदर्शनात त्या सायकलवाटेच्या बाईंनी अर्धवट काम पाहिलं. म्हणाल्या, मे महिन्यात किल्टीगारवच्या सभागृहात ठेवू. काल आणि उद्या, दोन तुकडे करा. लोकांना आवडेल."

"आणि आम्हाला सांगावंसं नाही वाटलं?"

"सांगितलं असतं तर मोजू दिलं असतं?"

डिम्पना त्यांच्या भांडणाकडे लक्ष देत नव्हती. ती दुसऱ्या फळीवर वाकली होती. पडवीच्या जागेवरून तिथे काळी पट्टीच गेली होती. "कालच्या तुकड्यात पडवी नाही, ते समजलं. उद्याच्या तुकड्यात का नाही?"

"त्यांनी जो आराखडा दिला त्यात नव्हती."

"तुम्ही माझ्या घरी चहा प्यायलात. पडवीच्या भिंतीला टेप लावलात. मी धरला होता टेप."

"हो."

"मग?"

"मी विचारलं नाही," लॉर्कन म्हणाला. "आराखड्याप्रमाणे केलं."

टार्ट तसाच टेबलावर ठेवून दोघं निघाली. परतीच्या वाटेवर पॅकी एकटाच बोलत होता.

मेमधल्या त्या शनिवारी सभागृह गच्च भरलं. एरवी रविवारी चर्चमध्ये मिस्साला न दिसणारी माणसंही आली होती. सायकलवाटेच्या बाई, ऊना शिरन, तरुण आणि हसतमुख होत्या. सगळ्यांशी हात मिळवत होत्या. किल्टीगारव समोर मांडलेलं होतं, रुळांसकट. इंजिन फिरत होतं, म्हातारे एकमेकांना बोटं दाखवत होते, आणि खोलीतला राग हळूहळू उतरत चालला होता. डिम्पनाला ते दिसत होतं. यासाठीच आणलंय हे, तिला वाटलं.

ऊना शिरन म्हणाल्या की हा वारसा सर्वांचा आहे, वाट त्याच जुन्या मार्गाने जाईल, कुणाच्या घराला धक्का लागणार नाही.

डिम्पना उठली. "दुसरा तुकडा लावा ना."

"दुसरा म्हणजे?"

"उद्याचा. टूहींनी केलाय. मी पाहिलाय."

ऊना शिरन यांचं हसू जरा आखडलं. "तो अजून कच्चा आहे. आज नको असं मीच सांगितलं होतं."

सगळे लॉर्कनकडे वळले. तो टेबलामागे बटणावर हात ठेवून उभा होता. त्याने इंजिन थांबवलं, दोन्ही चष्मे पुसले.

"बाहेर, माझ्या गाडीत आहे," तो म्हणाला.

"लॉर्कन, त्याची गरज नाहीये," ऊना शिरन म्हणाल्या.

तो बाहेर गेला. बराच वेळ आला नाही. पॅकी डिम्पनाच्या कानाशी लागला, "पळाला बघ." पण तो आला, काखेत फळी घेऊन, आणि कुणाकडेही न बघता त्याने ती जागेवर बसवली.

"आता सांगा," डिम्पना म्हणाली, "माझी पडवी कुठे आहे? या घरात मी राहते. मला दाखवा."

ऊना शिरन आराखडा प्राथमिक असल्याचं सांगू लागल्या. मागून कुणीतरी विचारलं, माझा गोठा आहे का त्यात? मग आणखी कुणी. पॅकी खुर्चीवर चढला आणि ख्रिसमसपासूनचं सगळं बोलला, आणि या वेळी कुणी त्याला खाली ओढलं नाही. सभा तिथेच मोडली.

वर्षभराने नवा आराखडा आला. वाट तळ्याच्या काठाने नेली होती. तिथली जमीन कुणालाच नको होती.

लॉर्कनला त्या लोकांनी पुन्हा काम दिलं नाही, असं कानावर आलं. ऑक्टोबरमध्ये तो डिम्पनाच्या दारात उभा राहिला. शेडमध्ये आता डोनेगलची जुनी रेल्वेलाईन करायची होती आणि किल्टीगारव ठेवायला जागा नव्हती. मालधक्का रिकामाच आहे ना, त्याने विचारलं.

डिम्पनाने त्याला आत बोलावलं नाही. "एक सांगा. त्या दिवशी तुकडा गाडीत का होता? बाईंनी आणू नका म्हटलं होतं ना?"

"होतं."

"मी मागेन म्हणून आणलात? की त्या ऐन वेळी मागतील म्हणून?"

त्याने पायाकडे बघितलं. "दोन्ही, बहुतेक. निघताना ठरवलं नव्हतं."

हे उत्तर तिला आवडलं नाही, पण खोटंही वाटलं नाही. तिने मालधक्का उघडून दिला.

हल्ली महिन्यातून एका रविवारी तो येतो, गाड्या चालवतो, आणि आजूबाजूची माणसं बघायला जमतात. पॅकी जत्रेतल्या गुरांच्या जागा बदलतो आणि त्यावरून दोघांचं वाजतं. पडवी अजून केलेली नाही. रेल्वेच्या काळात नव्हती, यावर लॉर्कन अडून आहे. किल्ली डिम्पनाकडेच असते. तो आत असेपर्यंत ती दारापाशी खुर्ची टाकून विणत बसते. गेल्या खेपेला तिने त्याला चहा दिला, घरात नाही, मालधक्क्यातच आणून, ब्रेडसकट.