धुरपताबाईच्या अंगणाकडचं भोक

जिनिंग सुरू झालं की नाचणगावातल्या त्या गल्लीत खिडक्या मिटायला लागायच्या. कापसाच्या गाड्यांची रांग लागायची, यंत्रं दिवसभर घरघरायची आणि रुईचे बारीक तंतू वाऱ्यावर सुटून वाळत घातलेल्या कपड्यांवर, दुधाच्या सायीवर, पापण्यांवर येऊन बसायचे. बाकीचे लोक ते झटकून कामाला लागायचे. माधवीला दमा होता. तिच्या छातीतून ते झटकता येत नव्हतं.

म्हणून रत्नदीपनं, तिच्या नवऱ्यानं, घरच बंद करून टाकलं. खिडक्यांच्या फटींना रबरी पट्ट्या मारल्या, दाराखाली ब्रश लावला. धूळ थांबली, पण दुसरीच पंचाईत उभी राहिली. स्वयंपाकाची वाफ भिंतींवर साचू लागली, कोपऱ्यात काळी बुरशी धरली आणि दुपार झाली की माधवीचं डोकं जड व्हायचं.

"डब्यात ठेवल्यावानी वाटते मले," ती म्हणायची.

खिडकी उघडली की खोकला, लावली की गुदमर. रत्नदीपचं पुलगावात फ्रिज-एसी दुरुस्तीचं दुकान होतं. हात गिऱ्हाइकाच्या कॉम्प्रेसरवर असायचे आणि चित्त घरी. मधेच शटर अर्धं ओढून तो मोटरसायकलवर घरी यायचा, पाणी प्यायल्यासारखं करून बायकोचा श्वास ऐकायचा आणि परत जायचा. माधवीला ते कळत होतं. तिला त्याचीच जास्त चिंता वाटायची.

डिसेंबरात त्यानं पुण्याहून एक मशीन मागवलं. छताला टांगायची पत्र्याची चपटी पेटी, दोन पंखे, चाळण्या आणि मधे पातळ थरांचा एक ठोकळा.

"हे आतली वापरलेली हवा बाहेर फेकते अन् बाहेरची गाळून आत घेते," त्यानं माधवीला समजावलं. "दोन्ही हवा या ठोकळ्यातून जवळजवळून जातात, पण मिसळत नाईत. जाता जाता आतली ऊब त्या थंड हवेले भेटते. घर गार नाई पडत."

"अन् उन्हाळ्यात?"

"तवा उलटं. आपला गारवा वाया नाई जात."

भिंत कापायचं यंत्र त्यानं वर्ध्याहून भाड्यानं आणलं. घरातली हवा बाहेर टाकायचं भोक मागच्या भिंतीला पडलं. बाहेरची हवा घ्यायची कुठून, इथं गाडी अडली. मागं जिनिंग. पुढं ट्रकांचा रस्ता. उजवीकडं शेजारच्या घराची भिंत चिकटलेली. उरली डावी बाजू. तिथं रत्नदीपच्या भिंतीलाच लागून शेजारीण धुरपताबाईचं अंगण होतं. घराच्या आडोशामुळं जिनिंगचा वारा तिकडं पोचत नव्हता, वर कडुनिंबाची सावली. हवा घ्यावी तर तिथूनच. पण रत्नदीपच्या घराच्या स्लॅबच्या वेळी पाण्याचा पाइप निसटून धुरपताबाईची वाळवणं भिजली होती. त्यावरून दोघांचं असं वाजलं, की तीन वर्षं एकमेकांशी शब्द नव्हता.

"छतावरून घेऊ," रत्नदीप म्हणाला.



छतावरून घेतली. चार दिवस घर मोकळं झालं. पाचव्या दिवशी पंख्याचा सूर बदलला. रत्नदीपनं झाकण उघडलं तर चाळणीवर गोधडीसारखा कापूस बसलेला. साफ केला, पुन्हा बसला. मग त्याला चैनच पडेना. जेवता जेवता ताट सरकवून उठायचा, स्टुलावर चढायचा, हवा आत येते त्या जाळीला हात लावायचा.

"उतरा खाली," एकदा माधवी म्हणाली. "तुमाले नाई जमत, तं मी जातो धुरपतामायकडं."

तिनं तोंडाला ओढणी बांधली आणि निघाली. रत्नदीप मागं गेला, फाटकाशी थांबला, मग आतही गेला.

धुरपताबाई तुरी पाखडत होती. माधवीनं सगळं सांगितलं. मधे दोनदा थांबून श्वास घ्यावा लागला. बाईचं सूप थांबलं.

"भोक तं पाडा," ती म्हणाली. "पन माही चूल त्याच भिंतीपाशी हाये. धूर जाईन ना घरात?"

रत्नदीप घाईघाईनं म्हणाला, "मावशी, दुसरीकडं चूल मी बांधून देतो."

"काऊन? तिथं सकाळचं ऊन येते मले. चूल नाई हलत." तिचा आवाज चढला. रत्नदीप वळलाच होता. मग ती माधवीकडं बघून म्हणाली, "पोरी, तुह्या मशीनले बटन हाये का?"

"हाये."

"मंग चूल पेटवतानी मी आवाज देतो. तू बंद करजो. इझली की सांगतो."

दुसऱ्याच दिवशी भिंत कापली. सिमेंटचा गाळ धुरपताबाईच्या अंगणात उतरला. रत्नदीपनं तो स्वतः खराट्यानं काढला, दोन बादल्या पाणी टाकलं. बाई बाजेवर बसून बघत होती. "त्या कोपऱ्यातला राह्यला," एवढंच म्हणाली.

संध्याकाळी हाक आली. "माधवी! पेटवून राह्यली वो!" माधवीनं बटण दाबलं. घर गप्प झालं. रत्नदीप खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारू लागला. हवा अडली असेल का? बाई विसरली तर? शेवटी चपला घालून तो अंगणात गेला.

"इझली का मावशी?"

"आता कुठं भाकर टाकली बाप्पा! बस तिथं. उभ्यानं जीव खाऊ नको."

तो पाटावर बसला. मांडी घातली, मोडली, पुन्हा घातली. बाईनं त्याच्यापुढं अर्धी भाकर आणि ठेचा ठेवला. त्यानं गपगप खाल्लं. लाकडं मागं ओढून तिनं पाणी शिंपडलं, धूर विरेपर्यंत त्याला उठू दिलं नाही. मग भिंतीकडं तोंड करून मोठ्यानं ओरडली, "कर वं चालू!"

आत पंखे फिरायला लागले. रत्नदीप घरी आला तेव्हा माधवी जाळीखाली उशी टेकून बसली होती. खोकला नव्हता, निदान आता तरी नव्हता.

"काय खाऊन आले?" तिनं विचारलं.

"ठेचा."

"अन् मले?"

तो हसला आणि तिच्यासाठी ठेचा आणायला वळला. पण आधी स्टूल ओढून वर चढला, जाळीपुढं तळवा धरला आणि हवा बोटांमधून जाते आहे ना, हे बघत बराच वेळ तसाच उभा राहिला.