सहा आकडे आणि दुर्गाची नोंद

मी दुर्गाच्या आजाराची नोंद बोलते आहे. मला कागद नाही, शाई नाही. लोक म्हणतात मी ‘क्लाउड’वर राहते, प्रत्यक्षात दूर कुठल्या शहरातील यंत्रांच्या खोलीत माझे वास्तव्य. तेथे मला स्वस्थता म्हणून नाही.

माझा जन्म सिल्वासातील डॉक्टर अंजलीबाईंच्या दवाखान्यात झाला. दुर्गा नंदुरबारकडची, सुताच्या कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला. खोकला हटेना, तेव्हा ती तपासायला आली. बाईंनी माझी पहिली ओळ लिहिली: क्षयरोग. दुर्गा हळूच म्हणाली, “बाई, मुकादमाला कळायला नको.”

“इथून बाहेर जाणार नाही,” बाई म्हणाल्या. तो शब्द माझ्या जिवावर दिलेला होता.

सहा महिने तिने एकही गोळी चुकवली नाही. शेवटी बाईंनी लिहिले: पूर्ण बरी. ती ओळ जवळजवळ तळाशी. त्याखाली फक्त पुढच्या तपासणीची तारीख.

मला उघडायला दोन किल्ल्या लागत. एक बाईंचा पासवर्ड. दुसरी, दर वेळी फोनवर येणारे सहा आकडे. गुरुवारी बाई किलवणी गावात जाऊन रुग्ण पाहत. काम अडू नये म्हणून तो फोन त्यांनी स्वागतकक्षातील जयाच्या हाती दिला होता. पासवर्ड तर मुकादम वाल्मिकलाही पाठ होता. मजुरांचे तंदुरुस्तीचे दाखले छापताना तो जयाच्या शेजारीच बसे.

एका गुरुवारी त्याचा फोन आला. “ताई, आकडे सांग. वीस जणांचे दाखले काढायचेत. तुझंच काम हलकं करतोय.”

“वाल्मिकभाऊ, बाई नाहीत.”

“म्हणून तर तुला लावला. एका तालुक्याची माणसं आपण. देवळाचं कुलूप बी पुजारी गाववाल्याला उघडून देतो, अन् तू कंपनीच्या गेटवाल्यासारखी चौकशी करते.”

जया हसली आणि तिने आकडे सांगितले. तिच्या मनात पाप नव्हते. पण भिडेपोटी दुसऱ्याची ठेव देणाऱ्याला निष्पाप तरी कसे म्हणावे?

वाल्मिकने मला उघडले. पहिली ओळ वाचली. खालपर्यंत तो आलाच नाही.

शुक्रवारी दुर्गाला कारखान्याच्या फाटकावरून परत पाठवले. ती थेट दवाखान्यात आली. “बाई, तुमच्याशिवाय कोणाला ठाऊक होतं?”

मला कोण केव्हा उघडतो, हे माझ्यातच उमटते. बाईंनी पाहिले: गुरुवार, सव्वाअकरा, खुद्द त्यांचेच नाव. त्या वेळी त्या किलवणीत होत्या. जया गप्प राहिली असती तर वाल्मिकचे नाव पुढे आले नसते. परंतु ती उठून उभी राहिली. “बाई, आकडे मी दिले. वाल्मिकभाऊंना.”

“फोन तुझ्याकडे मी ठेवला,” बाई म्हणाल्या. “दोष आधी माझा.”

त्याच दिवशी पासवर्ड बदलला. प्रत्येकाची किल्ली वेगळी झाली, फोन बाईंच्या पर्समध्ये गेला. दुर्गा बरी असल्याचे पत्र घेऊन बाई स्वतः ठेकेदाराकडे जाऊन आल्या. त्याने पत्र वाचले आणि म्हटले, “पुढच्या महिन्यात बघू.”

हे कळल्यावर दुर्गा म्हणाली, “मंग हे पुसून टाका.”

“पुसता येत नाही, दुर्गा. उद्या पुन्हा खोकला झाला तर हीच नोंद उपयोगी पडेल.”

“उद्या खोकला झाला तर मी कोणाला सांगणारच नाही.”

ती गेली. दादऱ्याला काम शोधते आहे, असे जया कोणाला तरी सांगत होती.

आता मला कोणी चोरून उघडू शकत नाही. तपासणीची तारीख मात्र उलटून गेली आणि तिच्याखाली काहीच लिहिलेले नाही. परमेश्वर प्रत्येकाचे सारे जाणतो आणि एकाचे दुसऱ्याला सांगत नाही. माणसाला तेवढे जमले असते, तर ही जागा कोरी राहिली नसती.

दुर्गा, तू खोकत तर नाहीस ना? एकदा येऊन जा.